दिल्लीखालचं मडकं

राज्य मध्यप्रदेश, राजधानी नागपूर. पुसा.

राज्य मुंबई, राजधानी मुंबई. पुसा.

गोधडीवर ओतलेली ज्वारी.

कोपरापर्यंत ओली ओंजळ.

सरपंच पंजाबरावांची दिल्ली, वीतभर उंच.

साल १९६२. जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या आणि चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात खुशालराव गुरुजींना सरकार पुन्हा नव्यानं शिकवायचं होतं. त्यात तपासणीला साहेब येणार. गुरुजींनी चौथीच्या पोरांना घरून मडकी आणायला सांगितली. सरकारची उतरंड रचायची: बुडाला ग्रामपंचायत, वर पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, मग मुंबई, टोकाला दिल्ली.

लहान मडकी आली. मोठं कोणी देईना. त्यात धान्य असतं. पंचफुलाच्या आईनं, चतुराबाईनं, ज्वारी गोधडीवर ओतली आणि मडकं रिकामं करून दिलं.

हे घर बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती. शाळेच्या माठाला ते अजून कळलं नव्हतं. पंचफुला ओंजळ धरायची, कोणाला सवड झाली की तो वरून ओतायचा. एकदा आपल्या हातानं माठात गडवा बुडवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

उतरंड उभी राहिली. पंजाबराव पाहायला आले.

"आमचं कोनतं, गुरुजी?"

"टोकावरचं. दिल्ली."

पंजाबरावांनी मिशीवरून हात फिरवला. "अन् हे बुडाचं कोनाचं?"

"आमचं," पंचफुला म्हणाली.

पंजाबराव एक पाऊल मागे सरले. "काढा ते."

"काढतो. पन शिवायचं ते शिवून गेलं, भाऊ. एकावर एक हायेत."

"म्हंजे दिल्लीले बी?"

"दिल्लीले बी."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी उतरंड पाहिली, छान म्हणाले, चहा घेतला, गेले.

संध्याकाळी पंचफुला आपलं मडकं घेऊन गेली. वरची चार न्यायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी जुना माठ पालथा घातला, जिल्हा परिषदेत पाणी भरलं आणि ती दाराशी ठेवली. "हे शिवलेलंच हाये. ज्याले तहान लागंन त्यानं आपल्या हातानं घ्या."

पंचफुलानं गडवा बुडवला. भरला. सावकाश प्याली.

मागे सरपंचांचा जानराव उभा होता. "सरक ना वं लवकर, मले बी लागली."

मोठं मडकं गुरुजींनी आधी पंजाबरावांच्याच घरी मागितलं होतं.