काशाच्या कड्या

मंगळवारी दुपारी तीनला व्हेराक्रूझ बंदराच्या तोंडाशी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ‘हॅरिएट’ गलबताने वाटाड्या मागणारं निशाण चढवलं. किल्ल्यातल्या स्पॅनिश तोफा तेव्हा गावावर चालूच होत्या.

गलबतांना बंदरात आणणारा वाटाड्या एव्हारिस्तो लागुनेस होडी घेऊन निघाला. मेक्सिको स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली, तरी बंदरासमोरचा किल्ला अजून स्पेनच्या राजाकडेच आहे. वाटाड्यांचा नियम मात्र त्याहून जुना. निशाण दिसलं की जायचं, गलबत कुणाचंही असो. आणि कप्तान विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं.

त्याच सकाळी एका गोळ्याने त्याच्या मुलीचं, रेमेदिओसचं, स्वयंपाकघर पाडलं होतं. तान्ह्याला घेऊन ती गाव सोडायला तयार नव्हती, कारण तिचा नवरा तोमास गावाच्या तोफेवर होता. गावाला एकच आशा होती. किल्ल्यातलं धान्य संपत आलंय, महिन्याभरात ते शरण येतील.

‘हॅरिएट’च्या पोटात पीठ होतं.

“उत्तरवारा येतोय,” लागुनेस डेकवर चढताच कप्तान प्रूइट म्हणाला. “किल्ल्याच्या भिंतीला घ्या. तिच्यातल्या काशाच्या कड्यांना दोर बांधला की वादळ काही करत नाही म्हणतात.”

“खरंय. माझा आजाही तिथेच बांधायचा. पण आज तिथे बांधलंत, तर पीठ त्यांच्या पोटात जाईल.”

“मी त्यांना विकणार नाही.”

“तुम्हाला विचारतंय कोण? ते उतरवून घेतील.”

खालून होडीतून वल्हेकरी सिरिलो ओरडला, “तांडेल, विचारा की त्यांना! त्यांचे अध्यक्ष म्हणाले होते ना, युरोपच्या राजांनी आता इकडे हात घालायचा नाही? मग तोफा कुठायत? का नुसतं पीठ पाठवलंय, पाव भाजायला?”

प्रूइट ओशाळला. “म्हणालेत खरं. पण तुमच्याशी करार कुठे झालाय? आम्ही तटस्थ.”

“कोलंबियाने करार मागितला तेव्हाही हेच म्हणालात! भाऊ भाऊ म्हणायचं आणि मारामारीत कडेला उभं राहायचं.”

“सिरिलो, गप्प बस.” लागुनेसने उत्तरेला पाहिलं. आभाळ शिशासारखं झालं होतं. “साक्रिफिसिओस बेटाच्या आडोशाला नेतो.”

“या वाऱ्यात तिथे नांगर धरेल?”

डेकवर एक खलाशी कोंबड्यांचं खुराडं दोरीने आवळत होता. लागुनेस त्याच्याकडे बघत राहिला.

“धरेल,” तो म्हणाला.

सिरिलोने चमकून वर पाहिलं. उत्तरवाऱ्यात तिथे नांगर सहसा टिकत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

बेटाआड नांगर पडला. त्यानंतर वाटाड्याने उतरायचं असतं. लागुनेस उतरला नाही.

“तू जा. रेमेदिओसला सांग, मी गलबतावर आहे.”

“तांडेल, डोकं फिरलंय का?”

“जा म्हटलं ना.”

संध्याकाळी वारा सुटला, तो गुरुवारी पडला. बेटाआड गलबत नव्हतं. गावाच्या दक्षिणेला, मोकांबोच्या वाळूवर पिठाचं एक पिंप लागलं, न फुटलेलं.

शुक्रवारी सकाळी धुकट हवेत किल्ल्याच्या भिंतीपाशी एक डोलकाठी दिसली. झेंडा नव्हता. हवानाहून आलेलं गलबतही असेल, असं काहीजण म्हणाले. रेमेदिओस तटावर आली.

“बाबांचं आहे का?”

“कळत नाही, पोरी,” दुर्बीणवाला म्हणाला.

दुपारी गावाच्या तोफेला हुकूम आला: डोलकाठीच्या बुडाशी नेम धरा. त्या तोफेवर तोमास आहे.

अंधार पडेपर्यंत तोफ उडालेली नव्हती.