ब्रिन्युल्वचं यीस्ट

नाताळची बिअर सलग दुसऱ्यांदा आंबट झाली, तेव्हा सुनिव्हानं सासूच्या वेळचं यीस्ट उकिरड्यावर ओतलं.

"दुकानातली पुडी आण," नवरा ईवार म्हणाला.

"पुडीची बिअर पाहुण्यांना पाजू? नाकं मुरडतील सगळे!"

ती पलीकडच्या शेतावर ब्रिन्युल्वकाकांकडे गेली. त्यांचं यीस्ट कधी दगा देत नाही, असं सगळं खोरं म्हणायचं. मागायला मात्र कुणी जात नसे. का, ते बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनिव्हाला ठाऊक नव्हतं.

म्हाताऱ्यानं यीस्ट थापून वाळवलेलं लाकडी कडं खुंटीवरून काढून दिलं. "ने. पण ओतताना ओरडू नकोस."

"अहो काका, यीस्ट ओतताना सगळेच ओरडतात. त्याशिवाय ते जागं कसं होणार?"

"होतं."

दुपारी जवाचा काढा कोमट झाला. भिजवलेलं यीस्ट तिनं पिंपात ओतलं आणि माहेरच्या सवयीनं, नकळत, पोटातून आरोळी ठोकली.

पिंपातून ओ आली. पुरुषाची, तरुण, हसरी.

ईवार गोठ्यातून धावत आला. "आयलिव्हचा आवाज कुठून आला?"

"कोण आयलिव्ह?"

"काकांचा धाकटा भाऊ. तळ्यात बुडाला, मी लहान होतो तेव्हा."

ईवारनं काकांना बोलावून आणलं. ते पिंपाजवळ बसले.

"आमची दोघांची शेवटची बिअर त्यानंच लावली. यीस्ट ओतताना ओरडला, आणि मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला. तेव्हापासून मी मुकाट्यानं बिअर लावतो. त्याचं यीस्ट टाकवत नाही, हाक मारायची छाती होत नाही." मग हळूच म्हणाले, "पोरी, आणखी एकदा ओरड."

तिला नाही म्हणवेना. ती ओरडली.

या खेपेला ओ दाराबाहेरून आली. कडी खडखडली.

"दादा, गारठलोय रे."

काका उठले. सुनिव्हानं त्यांचा दंड धरला, ईवारनं दाराला पाठ लावली. कडी खालीवर होत राहिली.

"नको रे बाळा," ते शेवटी म्हणाले. "परत जा."

कडी थांबली.

बिअर अशी उतरली, की पाहुण्यांनी वाडगी चाटूनपुसून यीस्ट मागितलं. सुनिव्हानं कुणालाच दिलं नाही. काकांनी एकच वाडगं घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून प्यायले. "यीस्ट परत नेता?" तिनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पाहुणे गेल्यावर तिनं पिंपाच्या तळाचा यीस्टचा साका चुलीत टाकला. तो जळेपर्यंत तिनं दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.