सहा बोटांची बाई

शोकसभेला दहा मिनिटं उरली असताना ती मातीची बाई खापरीच्या हातात आली.

खापरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पुरातत्त्व विभागात ती पंधरा वर्षं फुटकी खापरं धुतेय, म्हणून उत्खनन शिकवणाऱ्या सरांनीच तिला ते बहाल केलं होतं. सर जाऊन दोन महिने झाले. ते गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्याच उत्खननाच्या खड्ड्यात विद्यार्थ्यांना ही वीतभर मूर्ती सापडली. विभागप्रमुखांनी ती तडक कुलपात टाकली, कुणाला वासही लागू दिला नाही. आज ‘सरांचा अखेरचा शोध’ म्हणून तिच्यावरचा रुमाल काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, काढायचा होता. खापरीला हुकूम एवढाच, “स्टँडवर नीट बसवा.”

बसवता बसवता तिनं सवयीनं पायाची बोटं मोजली. डाव्या पायाला सहा!

“सर, ही खोटी आहे,” ती विभागप्रमुखांच्या कानाशी लागली.

“हळू बोला हो!”

“आपले सर दरवर्षी पोरांच्या खड्ड्यात अशी एक पुरून ठेवायचे. ‘सापडलं’ म्हणून बोंबलतो कोण आणि आधी भोवतालची माती नुकती उकरलेली आहे का ते बघतो कोण, हे तपासायला. काकू घरी बनवून भाजून द्यायच्या. ओळखू यावी म्हणून एक बोट जास्त. या वर्षी पुरली, आणि सांगायच्या आत सर गेले.”

विभागप्रमुखांना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. खड्ड्यावर ते एकदाच आले होते, तेही गाडीची काच खाली न करता.

“अहो, त्या सहा बोटांवर माझा चाळीस पानांचा निबंध आहे! षडंगुली मातृदेवतेचा पंथ! परवा परदेशात वाचायला निघालोय!”

“म्हणूनच सांगतेय. तिथं कुणीतरी ओळखणार, आणि लोक म्हणणार, म्हाताऱ्यानं नावासाठी मूर्ती पुरली. सरांना लबाड ठरवतील हो!”

विभागप्रमुख गोड हसले. “तुमचा करार याच महिन्यात संपतोय ना?”

सभा सुरू झाली. व्यासपीठावरच्या लोखंडी फळ्याला चार लोहचुंबकांनी सरांचा मोठा फोटो लावला होता. सरांचे सगळेच फोटो खड्ड्यात वाकलेले, त्यामुळे चेहरा नव्हता. पाठ मात्र हुबेहूब आली होती. कुलगुरूंनी सरांच्या वनस्पतींवरच्या प्रेमाचा गहिवरून उल्लेख केला. मागच्या आठवड्यात वारलेल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचा कागद त्यांच्या हाती पडला होता.

मग काकू उठल्या. रुमाल बाईच्या हाताला अडकला. काकूंनी ओढला, बाई डुलली, विभागप्रमुखांनी झेप घेऊन स्टँडला मिठी मारली.

“अगं बाई, ही तर…” काकू म्हणाल्या.

“काकू भारावल्यात!” विभागप्रमुख तसेच मिठीतून ओरडले. टाळ्या झाल्या. नव्या संग्रहालयाची घोषणा करायला कुलगुरू खिशातून कागद काढू लागले.

तोवर खापरी माइकपाशी पोचलीसुद्धा होती.

“ही मूर्ती खोटी आहे. सरांनी ती पोरांची परीक्षा घ्यायला पुरली होती.”

सगळ्या माना विभागप्रमुखांकडे वळल्या.

“पुरावा?” विभागप्रमुख म्हणाले.

“आत सायकलचा लोखंडी छर्रा असतो. उद्या कुणी ही खरी म्हणून खपवू नये, यासाठी सर घालायला लावायचे. पोटात.”

आता दाखवणं आलं. तिनं फळ्यावरचं एक लोहचुंबक उपटलं. सरांचा एक कोपरा लोंबू लागला. चुंबक बाईच्या पोटाला टेकवलं. चिकटलं नाही. पाठीला लावलं. नाही. कंबर, मांड्या, काही नाही. खापरीनं बोटं पुन्हा मोजली, सहाच. कधीकाळी खरंच एखादी सहा बोटांची बाई कुणी घडवली असेल तर? तर नोकरी गेलीच, आणि सरांचा खराखुरा शोध भर सभेत आपणच बुडवला.

“झालं समाधान?” विभागप्रमुखांनी माइककडे हात केला.

“डोक्यात बघ गं!” काकू म्हणाल्या. “पोटाला भाजताना तडे जायला लागले, म्हणून या खेपेला जागा बदलली.”

टक्! चुंबक बाईच्या टाळूला चिकटलं आणि टोपीसारखं बसून राहिलं.

कुलगुरूंनी कागद परत खिशात घातला. विभागप्रमुख दात आवळून पुटपुटले, “तुमचा करार विसरा.” लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले. माइक अजून खापरीच्याच हातात होता.

“पहिल्या वर्षी मी अशीच एक घेऊन खड्ड्याभोवती नाचले होते,” ती म्हणाली. “सरांनी थांबवलं नाही. नाचून दमल्यावर पाणी दिलं आणि म्हणाले, ‘आता खाली उतर, माती काय म्हणते ते ऐकून ये.’ त्या दिवशी मी रडले. तेव्हापासून माती बघितल्याशिवाय बोलत नाही.”

मधल्या रांगेतला सरांचा एक टकला माजी विद्यार्थी अर्धवट उठलेला, तो तसाच थबकला. “मी तर पेपरवाल्यांना बोलावलं होतं! बैल होता माझा. पाच पायांचा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून एक बाई म्हणाल्या, “माझ्या घोड्याला दोन शेपट्या होत्या, तरी मी शपथेवर सांगत होते खरा आहे म्हणून!” खुर्च्या पुन्हा खाली टेकल्या.

“तो घोडा तुझा होय?” काकू वळून म्हणाल्या. “मेली, दोन दिवस खपले होते मी त्याच्यावर. ये, इकडे पुढे येऊन बस.”