तेच कपडे

मास्तरांच्या नजरेतच टेप आहे, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणायची. माणूस दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत छाती, कंबर, खांदा, सगळं मास्तरांच्या डोक्यात लिहून झालेलं असायचं. टेप ते नुसती रीत म्हणून लावायचे. अशा माणसाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वाढत जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही, हे शेंबडं पोरही मानणार नाही. बायकोचंही तेच म्हणणं होतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होता. लांब बोळ आणि त्यात ओळीने पाच दारं. सर्जन, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, भूलतज्ज्ञ आणि टोकाला एक सिस्टर, जिच्या हातात सगळ्यांच्या फायली आणि सगळ्यांच्या नाड्या. पेशंटने एकेका दारातून जायचं, सोबतच्या माणसाने त्याच्या मागोमाग. शेवटी पाचहीजण एका टेबलाशी बसून ठरवणार, अशी इथली पद्धत होती. बोळातल्या रुंद बाकड्यावर टेकताना बायको खूश झाली.

"अहो, इथल्या खुर्च्यांना हात नाहीत बघा. शहाणी माणसं आहेत."

ती शाळेच्या कचेरीत टंकलेखनाचं काम करायची. झोपेत तिचा श्वास मधेच थांबायचा, कामावर बसल्याबसल्या डोळा लागायचा, दुसऱ्या मजल्यावर चढताना तीनदा थांबावं लागायचं. शाळेच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन तिला इकडे पिटाळलं होतं. "जिना जुना झालाय," असं ती म्हणायची.

आहारतज्ज्ञ म्हणजे जेमतेम पंचविशीतली मुलगी. तिने जुने कागद चाळले. आठ वर्षांपूर्वी गुडघा दुखत होता तेव्हाच्या कागदावर चौऱ्याण्णव किलो लिहिलेलं होतं. आज सिस्टरच्या काट्याने एकशे एकतीस दाखवले होते.

"आठ वर्षांत सदतीस किलो वाढलंय, काकू."

"काहीतरीच! माझं मूळचंच हाड मोठं. एक तर तो जुना काटा बिघडलेला असणार, नाहीतर तुमचा तरी." बायकोने अंगावरच्या राखाडी ड्रेसची बाही चिमटीत धरून दाखवली. "हा बघ. नऊ वर्षं झाली याला. असले सात-आठ आहेत माझ्याकडे, आणि सगळे अजून होतात मला. मी जाडी आहे, नाही कोण म्हणतंय? पण आहे तेवढीच आहे. आणि हे कोण आहेत ठाऊक आहे का? टेलर आहेत. मी वाढले असते तर पहिल्यांदा यांना कळलं असतं. विचार ना यांनाच."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं.

"कपडे तेच आहेत," मास्तर म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माणसाला खोटं बोलायचं असलं की खरे शब्दही मदतीला धावून येतात, आणि मास्तरांकडे तर त्यांचा साठाच होता.

सर्जनसाहेबांनी फाईल वाचली आणि पेन खाली ठेवलं. वजन खरंच एका जागी टिकून असेल, तर वर्षभर औषधं, चालणं, श्वासाचं मशीन असं करून बघता येईल, ते म्हणाले. पण आठ वर्षांत एवढं वाढलं असेल, तर वर्षभर थांबणं जिवावर बेतू शकतं. "तुमचं सांगणं आणि हे कागद जुळत नाहीत, बाई. तुम्ही आठवडाभर विचार करा. पोट तुमचं आहे, ठरवायचं तुम्हालाच."

"माझं ठरलंय," बायको हसून म्हणाली. "पोट कापून घ्यायची हौस नाही मला. चालेन मी रोज."

मास्तरांनी आता बोलायला हवं होतं. ते उठले आणि त्यांनी तिला उठायला हात दिला.

हे सगळं सुरू झालं ते आठ वर्षांपूर्वी, तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या दिवशी. तिच्या ड्रेसची चेन अर्ध्यावर अडकली आणि काही केल्या वर जाईना. ती पलंगावर बसली ती उठलीच नाही. लग्नाला गेली नाही. दोन दिवस उपाशी राहिली आणि पुढचे चार दिवस हाताला येईल ते खात सुटली. मास्तरांना ते बघवेना. पुढच्या आठवड्यात ती कामावर गेली असताना त्यांनी तिचे सगळे ड्रेस उसवले आणि आत दुमडून राखलेलं मार्जिन सोडवून दोन-दोन इंच सैल केले. शिवण तशीच, दोरा तोच. ती तो ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली आणि हरखून गेली. "अहो, उतरलं की माझं!" त्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी गाणं गुणगुणत जेवली. त्या गाण्याची मास्तरांना चटक लागली, दुसरं काय! मग दर सहा-आठ महिन्यांनी ती घराबाहेर पडली की कात्री निघायची.

समुपदेशक बाई वयाने मोठ्या होत्या, केस पांढरे, आवाज हळू. त्यांनी मास्तरांना एकट्याला आत बोलावलं.

"त्या काय खातात ते मी तुम्हाला विचारणार नाही. त्यांनी सांगितलंय, आणि मला वाटतं खरं सांगितलंय. मला एवढंच सांगा, तो राखाडी ड्रेस कुणी शिवला?"

"मी."

"कितीदा?"

मास्तर बोटांवर मोजायला लागले. मग एकदम सगळं बाहेर आलं. मार्जिन कधीच संपलं होतं. मग काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. तेवढ्या रंगाचं कापड मिळेना, म्हणून गडद रंगाच्या घातल्या आणि ही नवी फॅशन आहे असं तिला सांगितलं. "वाईट हेतू नव्हता हो माझा," ते म्हणाले, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस परक्या बाईसमोर रडायला लागला.

"नसेलच," बाई म्हणाल्या. "पण त्या जिवाचा निर्णय घेतायत, आणि तो तुमच्या शिवणीवर विसंबून घेतायत."

"तुम्हीच सांगा ना तिला. तुम्हाला सांगता येतं नीट."

"मी सांगितलं तर त्या माझ्यावर चिडतील आणि तुम्ही सुटाल. तसं नको. पुढच्या गुरुवारी आम्ही पाचजण बसतोय. त्याच्या आत तुम्ही सांगा."

सोमवार गेला, मंगळवार गेला. मास्तरांनी रोज सकाळी तोंड उघडलं आणि रोज काहीतरी भलतंच बोलून मिटलं. ती मात्र फुलली होती. संध्याकाळी चालायला म्हणून कोपऱ्यापर्यंत जायची, खांबाला धरून धापा टाकायची आणि परत येऊन सांगायची, "बघा, सुरुवात झाली." बुधवारी सकाळी ती खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसली असताना मास्तरांनी राखाडी ड्रेस आणला, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि कात्रीचं टोक शिवणीत घातलं.

"अहो, काय करताय? चांगला ड्रेस कशाला उसवताय?"

त्यांनी ड्रेस उलटा केला आणि तिच्या मांडीवर पसरला. "ही सुईची भोकं बघ. ओळ दिसतेय ना? ही पहिली शिवण. ही त्यानंतरची. ही तिसरी. आणि मग ही पट्टी, ती पुढे रुंद करत गेलो."

आधी तिला काही कळलंच नाही. मग तिने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, दुसऱ्या ओळीवर नेलं, तिसरीवर नेलं. पट्टीपाशी बोट थांबलं.

"फॅशन म्हणाला होतात."

"हो."

"कचेरीत सगळ्यांनी विचारलं, कुठून शिवलास म्हणून. मी मिरवलं हो!" तिने कपाटाकडे पाहिलं. "सगळ्या ड्रेसना?"

"सगळ्या."

"किती झालं एकूण?"

"साडेअकरा इंच."

ती ओरडेल, ड्रेस तोंडावर फेकेल, असं मास्तरांना वाटलं होतं. त्याची त्यांनी तयारीही केली होती. तिने ड्रेस पुन्हा सुलट केला आणि ती म्हणाली, "म्हणजे ताई खरं बोलत होत्या."

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती दारातून आत येताच म्हणाली होती, "अगं बाई, किती सुटलीस! डॉक्टरला दाखव कुणाला तरी." तेव्हा बायकोने कपाटातून जुने ड्रेस आणून ताईसमोर आपटले होते, एक अंगात घालून दाखवला होता, आणि जळक्या स्वभावाची म्हणून तिला दाराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या.

"तुमच्या सख्ख्या बहिणीला मी घालवून दिलं," बायको म्हणाली, "आणि तुम्ही मशीनवर बसून होतात. पाय चालू होता तुमचा. मला आवाज आठवतोय."

"तुझं रडणं बघवत नव्हतं मला."

"बघवत नव्हतं तुम्हाला! म्हणून आंधळी मला केलीत." आता तिचा आवाज फाटला. "मी श्वास लागला की जिन्याला दोष देत होते. काट्याला दोष देत होते. त्या एवढ्याशा पोरीला तिचा काटा बिघडलाय म्हणून सांगत होते मी, आणि तुम्ही शेजारी बसून म्हणालात, कपडे तेच आहेत!"

तिने हात पुढे केला.

"टेप द्या."

ते उठून माप घ्यायला पुढे झाले तशी ती मागे सरकली. टेप तिने स्वतःच कमरेभोवती फिरवली, दोन्ही टोकं पोटाशी जुळवली आणि मान खाली घालून आकडा वाचला. "बावन्न." मग टेप खुर्चीवर ठेवून ती आत गेली. दाराआडून तिचा आवाज येत राहिला. ती ताईशी फोनवर बोलत होती आणि मधूनमधून रडत होती. आठ वर्षांत जे रडणं मास्तरांनी अडवून धरलं होतं, ते त्यांच्या बहिणीच्या वाट्याला गेलं.

गुरुवारी टेबलाशी पाचहीजण होते. बायकोने काही न लपवता सगळं सांगितलं, नवऱ्यावर खापर न फोडता सांगितलं, आणि शस्त्रक्रियेला होकार दिला. भूलतज्ज्ञ फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी हृदयाचा रिपोर्ट तिच्याकडे वळवला. श्वासाचा त्रास जुना आहे, त्याने हृदयाची उजवी बाजू ताणली गेलीय. आधी दोन महिने श्वासाचं मशीन, मग शस्त्रक्रिया. एवढं करूनही भुलीत धोका राहील, नेहमीच्या पेशंटपेक्षा बराच जास्त.

"आणि चार वर्षांपूर्वी आले असते तर?"

भूलतज्ज्ञांनी सर्जनकडे पाहिलं. सर्जन म्हणाले, "ते आता कशाला काढता?"

"मला खरा आकडा हवाय. खोटे पुष्कळ झाले."

"तेव्हा धोका पुष्कळ कमी असता," भूलतज्ज्ञ म्हणाले.

तिने मान हलवली. मास्तरांकडे तिने पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं, असं मास्तरांना वाटलं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

सिस्टरने एक फॉर्म पुढे सरकवला. "आता सोबतचा माणूस. आम्ही फोन करतो तो यांना. दर आठवड्याचं वजन, काय खाल्लं, काय उलटलं, पेशंटने काय चोरून तोंडात टाकलं, सगळं यांनी सांगायचं. पेशंट रडला तरी सांगायचं. दोन वर्षं." तिने पेन मास्तरांकडे धरलं, कारण तिथे बहुतेक वेळा नवऱ्याचंच नाव असतं.

"नणंदेचं नाव लिहा," बायको म्हणाली.

समुपदेशक बाई मास्तरांकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत कीव होती. मग सिस्टरने पेन मागे घेतलं आणि ताईचा फोन नंबर विचारला.

दोन महिने मास्तर घरात परक्यासारखे वावरले. ताई रोज यायची, वजनकाटा पुढे करायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची. कधी दोघी कडाकडा भांडायच्या, कधी एकमेकींना टाळी द्यायच्या. मास्तर मशीनशी बसून ऐकायचे. मधे त्यांनी मऊ सुती कापड आणलं आणि तिच्यासाठी समोरून उघडणारा गाऊन शिवायला घेतला. पोटावरच्या टाक्यांना रगडणार नाही अशा बेताने बंद लावले. आयुष्यात इतकं मन लावून त्यांनी काही शिवलं नव्हतं.

भरती व्हायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती. मास्तरांनी गाऊनची घडी पलंगावर तिच्याजवळ ठेवली.

"बावन्नवर बेतलाय," ते म्हणाले. "अगदी मापात. आत एक दोराही जादा नाही. उसवून बघ हवं तर."

तिने गाऊन हातात घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला. काम सुरेख होतं, ते तिला कळत होतं. तिने घडी पुन्हा नीट केली आणि कपाटात नेऊन ठेवली. मग बॅगेतून दुसरा गाऊन काढला. बाजारातला, गुलाबी, भडक फुलांचा, जरा ओबडधोबडच.

"ताईंनी आणलाय. तयार." तिने गळा उलटा करून लेबल त्यांच्यासमोर धरलं. त्यावर एल होता आणि त्याच्याआधी ओळीने पाच एक्स होते. "याच्यावर लिहिलेलं असतं, मास्तर."

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. तिने लग्नापासून आजवर कधी म्हटलं नव्हतं. तिने गाऊन बॅगेत ठेवला, चेन ओढली, आणि उद्या सकाळी ताई न्यायला येणार आहेत, तुम्ही दुकान बंद ठेवू नका, असं सांगितलं.