एर्मिंदाबाईंचा ओटा

अपघातात पाय गेल्यावर एर्मिंदाबाई चाकाच्या खुर्चीवर आल्या. कोलंबियातल्या मानिसालेस शहरातलं घर विकून आईनं आपल्याकडे राहावं, असं मुलगा विल्मार म्हणत होता. बाईंनी उलट घरसजावटीचा सल्ला देणाऱ्या शिमेनाला बोलावलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपल्या कोपराच्या उंचीला खडूनं रेघ ओढली.

“ओटा इथे हवा. खाली कपाटं नकोत, खुर्ची आत शिरली पाहिजे.”

“आई, बाकीच्यांना वाकावं लागेल,” विल्मार कुरकुरला.

“वाकू देत. रांधणार मी आहे.”

शिमेना म्हणाली, “मग शेगडीची बटणं पुढे घेऊ. जाळावरून हात न्यायला नको.”

नव्या ओट्यावर बाईंनी मक्याच्या आरेपा, म्हणजे जाड भाकऱ्या, भाजायला घेतल्या. पहिली करपली. ती त्यांनी स्वतःच खाल्ली आणि दुसरी थापली.