जोडीतली दोन नंबरची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तुम्हाला थट्टा वाटेल, पण मी नाटकात काम केलेलं आहे. तेही एका माणसाचं.

मला घडवलं एका तरुण सुतारानं. दिवसभर तो वडिलांच्या कारखान्यात लोकांची दारं-कपाटं करायचा आणि संध्याकाळी उरल्यासुरल्या लाकडाला हात घालायचा. त्यातून आम्ही दोघी झालो. आम्हाला पालथं घालून त्यानं पोटावर पेन्सिलीनं आकडे लिहिले. तिच्यावर एक, माझ्यावर दोन. माझ्या कडेवर त्याचा रंधा जरासा घसरला होता. तेवढी खोच त्यानं तशीच ठेवली.

आम्ही गिऱ्हाइकासाठी नव्हतो. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं, तिच्या आणि त्याच्या घरासाठी होतो.

"दोनच?" ती म्हणाली. "आणि पाहुणा आला तर?"

"पाहुणा उभा राहील. लवकर जाईल."

ती नाटकात काम करायची. एक दिवस तिला दूरच्या शहरातल्या नाटकमंडळीनं कामाला बोलावलं. आठ दिवस ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो एवढंच म्हणाला, "तुझं तू ठरव." निघायच्या दिवशी त्यानंच मला जिन्यावरून खाली आणलं, टेम्पोत चढवलं, दोरी बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. थांब काही म्हणाला नाही. माझी बहीण वरच राहिली.

पुढची वर्षं मी एका जुन्या गोदामात काढली. तिथं चाळीस माणसांचं छोटंसं नाट्यगृह होतं. रंगमंच म्हणजे नुसती फरशी, पहिल्या रांगेतल्यांनी पाय आखडून बसायचं. मी तिथं सिंहासन झाले, दवाखान्यातलं बाकडं झाले, एकदा तर होडी झाले. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा त्यातल्या दोन-चार आपल्यासाठी आहेत, असं मी धरून चालायचे.

मग तिनं स्वतःचं नाटक लिहिलं. एकटीचंच. आयुष्यात येऊन गेलेल्या तीन माणसांबद्दल. पहिला माणूस म्हणजे खुंटीवरचा कोट. "हा घरी कमी आणि खुंटीवर जास्त," ती म्हणायची आणि लोक हसायचे. दुसरा म्हणजे छत्री. "ऊन असेल तेव्हा हा कायम बरोबर." लोक पुन्हा हसायचे. तिसरा माणूस मी. ती मला दिव्याखाली ठेवायची, समोर फरशीवर बसायची आणि विचारायची, "गाठ दोनदा ओढून पाहिलीस. मला एकदा थांब म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" तेव्हा कोणी हसायचं नाही.

प्रत्येक प्रयोगात ती विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. मी लाकडाची. काय बोलणार? त्यात माझा मागचा पाय हलायला लागला होता. जो तो हात लावून म्हणायचा, "बघू नंतर."

आमच्याकडे एक रीत होती. नाटकातल्या सामानाला लाल फीत बांधायची, म्हणजे त्याला कोणी हात लावत नाही. प्रयोग सुरू होताना फीत सोडायची. एका रविवारी दुपारी तिनं ती जरा आधीच सोडली आणि चेहरा रंगवायला आत गेली. तेवढ्यात सगळ्या जागा भरल्या आणि एक माणूस तिकीट हातात धरून दारात उभा राहिला.

"उभा राहतो मी, मावशी," तो दारावरच्या बाईंना म्हणाला.

"उभं कशाला? नाटक आहे, बस नाही." फीत नसलेली मी दिसले. मावशींनी मला उचललं आणि रांगेच्या टोकाला नेऊन ठेवलं.

तो बसला. सवयीनं त्याचा हात माझ्या कडेवर फिरला आणि त्या खोचेपाशी थांबला. मित्रांनो, केस पांढरे झाले होते, पण बोटं तीच होती.

कोट झाला, छत्री झाली. ती वळली तर दिव्याखाली मोकळी फरशी. तिनं इकडेतिकडे पाहिलं. मी सापडले, आणि माझ्यावर बसलेला तोही. बराच वेळ ती उभी राहिली. मग सावकाश आमच्यासमोर येऊन बसली आणि रोजचंच वाक्य बोलली. फक्त आवाज रोजचा नव्हता.

या वेळी उत्तर आलं. "म्हणालो असतो तर तू थांबली असतीस," तो हळूच म्हणाला. "म्हणून नाही म्हणालो."

लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझ्यासाठी एकही नव्हती आणि मला ती नकोही होती. ती पुढचं वाक्य विसरली. दिवे मालवावे लागले.

सगळे गेल्यावर त्यानं मला पालथं घातलं. ती दाराशी उभी होती.

"पाय हलतोय हिचा."

"तीन वर्षं हलतोय."

"सांगायचं की."

"कोणाला?"

तो माझा सांधा चाचपू लागला. तिनं विचारलं, "हिची जोडीदारीण कुठं असते?"

"मुलगी बसते तिच्यावर. अभ्यासाला."

"बरं झालं," ती म्हणाली. "रिकामी नाही."

त्याच्याकडे हत्यारं नव्हती. त्यानं आपल्या तिकिटाची घडी केली आणि माझ्या सांध्यात दाबून बसवली. "ही काही खरी दुरुस्ती नव्हे," तो म्हणाला. मला सरळ उभं केलं, हातानं हलवून पाहिलं. दोनदा. मग निघून गेला. या वेळी तीही थांब म्हणाली नाही.

ते नाटक तिनं पुन्हा केलं नाही. प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर तो प्रश्न रोज कसा विचारणार? आता मी रंगाच्या डब्यांमागे असते. धूळ बसली आहे. त्या तिकिटाची घडी अजून सांध्यात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी खुर्ची हलत असेल तर बघू नंतर म्हणू नका. त्याच दिवशी पालथी घाला, सरस लावा, घट्ट बांधून रात्रभर ठेवा. कागदाच्या घडीवर मी उभी राहते, पण आता माझ्यावर कोणी विश्वासानं बसत नाही.

आणि कधी माझ्या बहिणीवर बसून अभ्यास करणारी एखादी मुलगी तुम्हाला भेटली, तर तिला म्हणावं, खुर्ची एकदा पालथी घालून बघ. पोटावर एक लिहिलेलं असेल. दोन कुठं आहे, ते बाबांना विचारू नकोस.