स्टोअरमधली चूक

धम्मदीपाला जड काही खपायचं नाही. पर्स असो, लग्नातली साडी असो, नाहीतर प्रोग्रॅम. पुण्याजवळच्या माणमधल्या ज्या छोट्या कंपनीत ती कामाला होती, तिथल्या एका ॲपमधली अगडबंब लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, काढून तिच्या जागी हलकीफुलकी, एवढीशी लायब्ररी घालायची, हे खूळ तिचंच. प्रदीप सर, तिचे वरिष्ठ, म्हणाले होते, "चालतंय ते चालू दे की." पण ऐकेल ती धम्मदीपा कसली. चार ओळींत होतं तिथे चाळीस कशाला, असं तिने सगळ्या टीमसमोर ठणकावलं आणि स्वतःचंच खरं केलं.

ॲप होतं मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टचं. काउंटरवर ऑर्डर घेतली की ती सामानाच्या खोलीतल्या टॅबवर दिसायची आणि तिथून त्या त्या पदार्थाचं साहित्य काढून आचाऱ्याकडे जायचं. त्या खोलीला तिथे सगळे स्टोअर म्हणत. स्टोअर सांभाळायच्या इंदूबाई, धम्मदीपाच्याच गावच्या, तिच्या आईच्या जुन्या मैत्रीण. टॅब कसा वापरायचा हे त्यांना धम्मदीपानेच शिकवलं होतं, आणि त्याचं कौतुक इंदूबाईंनी गावभर सांगितलं होतं.

आता गंमत अशी की धम्मदीपाच्या त्या लाडक्या लायब्ररीतही एक स्टोअर असतं. ॲपला जे जे लक्षात ठेवायचं ते सगळं त्यात. त्यात काही बदललं की स्क्रीन आपोआप नवी होते. अट एकच, जुन्या नोंदीत घुसडाघुसड करायची नाही. बदल करून अख्खी नवी नोंद जुनीच्या जागी ठेवायची. लायब्ररी हलकी म्हणजे आत डोकावत बसत नाही. नोंद तीच दिसली की काही बदललेलं नाही असं धरून चालते. ही अट धम्मदीपा कंपनीत नवीन येणाऱ्यांना घोकून घ्यायला लावायची. आणि कोडमध्ये एका जागी, घाईघाईत, जुन्या ऑर्डरमध्येच नवी सूचना घुसडायची सोय करून मोकळी झाली ती हीच बाई.

एका रविवारी दुपारी पुण्याहून आलेल्या कुटुंबाने भरली वांगी मागवली आणि मागाहून सांगितलं, की मुलीला शेंगदाणे चालत नाहीत. काउंटरवरून सूचना गेली. टॅबपर्यंत पोचलीही, पण स्क्रीनवर उमटली नाही. इंदूबाईंनी नेहमीसारखं कूट काढून दिलं. मुलीचे ओठ सुजले, तिला धाप लागली, तिला गाडीत घालून पौडला दवाखान्यात पळवावं लागलं. संध्याकाळी पोरगी हसतखेळत परत आली, पण तोवर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मधल्या वेळात दुसरी एक ऑर्डर आली, त्या निमित्ताने स्क्रीन नवी झाली, आणि मॅनेजर जयसिंग बघायला गेला तेव्हा सूचना टॅबवर ठळक दिसत होती.

"तवा न्हवती दिसत," इंदूबाई म्हणाल्या. दिसत असलेल्या गोष्टीबद्दल असं म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?

तरी त्याच संध्याकाळी जयसिंगने धम्मदीपाला फोन केला. काउंटरवरून तक्रार तिच्याकडे आधीच आली होती. ती लॅपटॉपसमोरच होती, आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते तिला नुकतंच सापडलं होतं.

"मॅडम, एकच सांगा. घोळ नेमका कुठं झालाय?"

"स्टोअरमध्ये," ती आपल्याच तंद्रीत म्हणाली.

"वाटलंच मला," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याला काय वाटलं, हे कळायला धम्मदीपाला वेळ लागला नाही. फोन हातातच होता. परत लावायचा आणि सांगायचं, अहो, तुमचं स्टोअर नाही, माझं. पण मग प्रदीप सर होते, टीम होती, आणि चार ओळींचा तो तोरा होता. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. दुरुस्ती झाली, सांगायचं राहिलं. पुढे आई फोनवर म्हणाली, इंदूला कामावरून काढलं गं. धम्मदीपा "अरेरे" म्हणाली, आणि त्या अरेरेची तिची तिलाच किळस आली.

पौर्णिमेला ती गावी आली. विहारात वंदना होती. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा तिने नुसते ओठ हलवले. शेजारी इंदूबाई मात्र खणखणीत आवाजात म्हणत होत्या.

वंदना संपल्यावर बाहेर पायरीवर तिने त्यांना गाठलं. "मावशी, कामाचं कळलं मला."

"सुटलं त्ये बरंच झालं, दीपा. माज्यापायी कुणाचं लेकरू गेलं असतं." इंदूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "डोळं तपासून आले. डाक्टर म्हनला, नंबर बराबर हाय. मंग डोस्क्यातच बिघाड म्हनायचा. माजी आई बी अशीच इसराया लागली हुती शेवटी. आता मी घरात ग्यासला हात लावत न्हाई. नातीला एकटी घिऊन बसत न्हाई. सुनंला सांगून ठिवलंय, माजा भरवसा न्हाई."

आपल्यामुळे या बाईचं काम गेलं, एवढाच धम्मदीपाचा हिशोब होता, आणि काम काय, खटपट करून परत मिळवता आलं असतं. इथे तर एक धडधाकट बाई स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवून बसली होती.

"मावशी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. तेव्हा टॅबवर ते नव्हतंच. चूक माझी होती. मी जयसिंगना स्टोअर म्हटलं ते ॲपमधलं, त्यांना वाटलं तुमचं."

इंदूबाईंनी पुसलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "म्हंजी मी येडी न्हाई झाले."

"नाही, मावशी."

"परत म्हन."

तिने परत म्हटलं. इंदूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि धम्मदीपाला त्यांचा हात धरायचीही लाज वाटत होती. "मी आत्ता जयसिंगना फोन करते," ती म्हणाली.

"त्यो मागनं कर. आदी हितं चल."

इंदूबाईंनी तिचं मनगट धरून तिला आत नेलं. बायका सतरंज्या गोळा करत होत्या, त्यांत धम्मदीपाची आईही होती. "हिला काय तरी सांगायचं हाय," इंदूबाई म्हणाल्या, तशा सगळ्या थांबल्या.

"त्या ॲपमध्ये एक स्टोअर असतं," धम्मदीपाने सुरुवात केली. "त्यातली ऑर्डर बदलली की..."

"त्ये ऱ्हाऊ दे. चूक कुनाची, त्येवडं सांग."

"माझी."

बायकांमध्ये कुजबुज झाली. इंदूबाईंनी मनगट सोडलं नव्हतं.

"आन् तुला कवा कळलं?"

पायरीवर तिने एवढंच गाळलं होतं. आई समोर उभी होती. तिच्याकडे न बघता धम्मदीपा म्हणाली, "त्याच दिवशी."